खरेदी खात्यातला वधूपिता

आमच्या वरच्या मजल्यावर सत्यजित मिरजकर राहतो. स्टुटगार्टच्या चढावरच्या एका गल्लीत आमची चार मजली इमारत आहे आणि इथल्या रिवाजाप्रमाणे जिना झाडण्या-पुसण्याचा आठवडा घरटी फिरत असतो. सत्यजितची पाळी असली की तो कठड्याची वरची बाजू पुसतोच, शिवाय खाली वाकून खालची बाजूही पुसतो. मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, खालून कोण बघणार आहे?"

तो म्हणाला, "काकू, ऑडिटर खालूनच बघतो."

मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी खात्यात तो आहे. स्क्रू, क्लिपा, रबराच्या चकत्या असल्या बारीकसारीक वस्तू तो विकत घेतो. इंगोलश्टाटपासून चेक सरहद्दीपर्यंतचे पुरवठादार त्याला वचकून असतात, असं माझी लेक स्वराली सांगते. मागच्या दिवाळीच्या फराळाला त्याने स्वतःच आपली रीत आम्हाला करून दाखवली होती. समोरच्याने भाव सांगितला की हा काहीच बोलत नाही. कॉफीला हात लावत नाही. नुसता खिडकीबाहेर बघत बसतो.

"जर्मन माणसाला शांतता आवडते," तो म्हणाला, "पण माझी शांतता आवडत नाही. दोन मिनिटांत भाव खाली येतो. गेनाऊ, अगदी अस्सा!"

त्याची बायको मीनल म्हणाली, "घरी मात्र असली शांतता कधी मिळत नाही हो, काकू."

असा हा माणूस. मिरजेचा, तीन बहिणींचा एकुलता भाऊ, चिंचवडला नोकरी करून मग इकडे आलेला. त्याच्याबद्दल लिहायचं मनात आलं ते त्याच्या मुलाच्या बेसबॉलच्या करारावरून. आधीच सांगून ठेवते, त्या प्रकरणातलं बरंचसं मला तेव्हा कळलं नव्हतं आणि काही अजूनही कळलेलं नाही.

वेदांग सतरा वर्षांचा आहे. चौथीत असताना शाळेतल्या एका मित्राबरोबर तो बेसबॉल बघायला गेला आणि तिथलाच झाला. घरात मराठी कळतं त्याला, पण उत्तर देतो जर्मनमध्ये. तो चेंडू टाकणारा आहे. मी पहिल्यांदा मैदानावर गेले तेव्हा त्याला म्हटलं, अरे, हात कोपरात वाकतोय तुझा, पंच नोबॉल देतील. तो इतका हसला की खाली बसला. नंतर मला कळलं की ह्या खेळात हात कसाही वाकवला तरी चालतो. मग पंच नक्की कशाला हरकत घेतात, हे मी विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्या मैदानावर एक उंच अमेरिकन गृहस्थ यायला लागले. जाळीमागे उभे राहून हातातलं एक यंत्र ते वेदांगवर रोखून धरायचे. रस्त्यावर पोलीस गाड्यांचा वेग मोजतात तसलं. मला वाटलं, मुलाने काही गुन्हा केला की काय. मीनलने समजावलं की ते मि. होलवे, अमेरिकेतल्या एका मोठ्या व्यावसायिक संघासाठी युरोपात मुलं हेरतात, आणि यंत्राने चेंडूचा वेग बघतात. त्यानंतर काही आठवड्यांनी संघाकडून विचारणा आली. वेदांगला करारावर घ्यायचं आहे.

आणि मग फ्राऊ रोमिंगर, म्हणजे रोमिंगरबाई, आल्या.

ही बाई म्हणजे वेदांगची एजंट. आयुष्यात मी दोनच प्रकारचे एजंट पाहिले होते. एक विम्याचे, जे ह्यांना दर मार्चमध्ये गाठायचे. आणि दुसऱ्या आमच्या नाशिकच्या वधू-वर सूचक मंडळाच्या बाई, ज्या दोन्ही घरी चहा प्यायच्या आणि दोन्ही घरी दुसऱ्या घराची स्तुती करायच्या. फ्राऊ रोमिंगर ह्यांपैकी कशातच बसेनात. एरवी त्या एका कर सल्लागाराच्या कचेरीत काम करतात. तरुणपणी सॉफ्टबॉल खेळायच्या. आता एका अमेरिकन एजन्सीसाठी इथल्या मुलांची बोलणी करतात. वेदांग सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळेपर्यंत त्या एक पैसाही घेणार नव्हत्या, आणि तिथवर शंभरातली फारच थोडी मुलं पोहोचतात असं त्यांनीच सांगितलं.

"मग ही बाई हे करते कशाला?" मी मीनलला विचारलं.

"काकू, मीही हेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, कोणीतरी करायला हवं."

ह्या उत्तराने माझं समाधान झालं नाही. त्यातून त्या मैदानावर होलवेंच्या शेजारी उभ्या राहून खुशाल हसत बोलायच्या. आपल्या बाजूची बाई दुसऱ्या बाजूच्या माणसाशी इतकी हसते, हे मला काही बरं दिसेना.

कराराचा मसुदा इंग्रजीत होता. सत्यजित ते कागद घेऊन माझ्याकडे आला. "काकू, तुमचं इंग्रजी कॉन्व्हेंटचं. माझं सगळं स्पेसिफिकेशनचं." मी चष्मा लावून सावकाश वाचलं. एकही शब्द अडला नाही. सिस्टर बर्नाडेटने शब्द अडू नये इतपत आम्हाला नक्की शिकवलं होतं. पण वाक्य संपलं की त्याचा अर्थ कुठेतरी मागे राहून जाई. खेळाडू संघाचा असेल, संघ त्याला दुसऱ्या संघाकडे देऊ शकेल, खेळाडूला मात्र तसं जाता येणार नाही. "हे असं कसं रे?" मी म्हटलं. "आल्झो, काकू, तेच तर," तो इथल्या बोलण्याच्या सवयीने म्हणाला. म्हणजे त्यालाही कळलं नव्हतं.

मुद्दा मात्र एकच होता आणि तो मलाही कळत होता. वेदांग बारावीत आहे. येत्या मे-जूनमध्ये त्याची आबिटुर, म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा. संघाला तो त्याआधी, वसंतातच, फ्लोरिडात हवा होता. गेला असता तर शाळा अर्धवट सुटली असती, आणि पुढे खांदा दुखावला, खेळ संपला, तर हातात काहीच उरलं नसतं. फ्राऊ रोमिंगरचं म्हणणं असं की करारात एक वाक्य घालून घ्यायचं: खेळाडू आबिटुर झाल्यावरच रुजू होईल. हे सहीआधीच मागायला हवं. सहीनंतर कोणी ऐकत नाही.

"आणि सगळ्यात बरं म्हणजे," त्या सत्यजितला म्हणाल्या, "ही बोलणी होताना तुम्ही तिथे नसलेलं बरं."

सत्यजितला ते लागलं. "मी वीस वर्षं हेच करतोय, फ्राऊ रोमिंगर."

"स्क्रूसाठी," त्या म्हणाल्या.

"स्क्रूवर जो फसत नाही तो कुठेच फसत नाही."

शेवटी त्याने हट्टाने होलवेंना घरी बोलावलं. मुलाच्या आयुष्याचं बोलणं फोनवर होत नसतं, घरात बसून, चार माणसांच्या समोर होतं, असं त्याचं म्हणणं. त्याचे आईवडील आता नाहीत. म्हणून तो माझ्याकडे आला. "काकू, आमच्याकडून कोणीतरी वडीलधारं हवं. तुम्ही या."

"अरे, मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही."

"कळायला कशाला हवं? नुसतं बसायचं."

रविवारी दुपारी मी इस्त्रीची साडी नेसून वर गेले. मीनल स्वयंपाकघरात पोहे भिजवत होती. मी म्हटलं, "मीनल, आज पोहे नकोत गं. दाखवायचा कार्यक्रम वाटेल." ती कपाळाला हात लावून हसली आणि मग उपमा केला. आता वाटतं, पोहे काय नि उपमा काय, त्या दिवशी सगळं आधीच ठरून गेल्यासारखं झालं होतं. खुर्च्या भिंतीला लावलेल्या. मधल्या टेबलावर नवा टेबलक्लॉथ. वेदांगला बळेच कॉलरचा शर्ट घातलेला.

होलवे आले. न सांगता बूट काढले. मला वाकून नमस्कार केला, अगदी नीट. मऊ बोलणारा, सभ्य माणूस. फ्राऊ रोमिंगर एका कोपऱ्यात वही उघडून बसल्या होत्या. थोडं हवापाण्याचं झालं, उपमा झाला, होलवेंनी दुसऱ्यांदा घेतला. मग ते सत्यजितकडे वळून म्हणाले, "कागदाचं आपण बघूच. पण आधी मला वडिलांच्या तोंडून ऐकायचंय. तुमच्या मनात काय आहे?"

मी वाट बघत होते की हा आता खिडकीबाहेर बघेल. फ्राऊ रोमिंगरनाही तीच अपेक्षा असावी, कारण त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

सत्यजित उठून उभा राहिला. दोन्ही हात त्याने पोटाशी जुळवले. आणि इंग्रजीत, आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "आमचं काही मागणं नाही. मुलगा आता तुमचा आहे. त्याचं काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या, एवढंच."

होलवेंचे डोळे चक्क भरून आले. त्यांनी उठून त्याचा हात दोन्ही हातांत धरला. फ्राऊ रोमिंगर "मोमेंट, मोमेंट" म्हणत पुढे झाल्या, पण तोवर मीनल चहा घेऊन आली होती आणि होलवे सांगत होते की इतक्या वर्षांत इतक्या घरी गेलो, पण असे पालक पाहिले नाहीत. वेदांग उठला आणि आपल्या खोलीत गेला. दार आपटलं नाही. हळूच लावलं.

होलवे गेल्यावर फ्राऊ रोमिंगरनी वही मिटली. "हेर मिरजकर," म्हणजे श्रीयुत मिरजकर, "तुम्ही हे काय केलंत?"

"मी काय केलं?" सत्यजित म्हणाला. आणि खरं सांगते, त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना तो आमच्या दारात थांबला. मी त्याला आत घेतलं, चहा टाकला. तो कपाच्या कानाशी खेळत होता.

"काकू, मला वाटलं होतं मी बोलेन. सगळं तयार होतं. मुद्दे काढले होते. पण त्या माणसाने 'वडील' म्हटलं, आणि माझ्या डोळ्यांपुढे अण्णाच उभे राहिले."

अण्णा म्हणजे त्याचे वडील. तिन्ही बहिणींच्या लग्नाच्या बैठकी त्याने लहानपणी दारामागून पाहिल्या होत्या. दरवेळी अण्णा असेच उभे राहत, हात जोडून, पोरीला पदरात घ्या म्हणत. मधल्या बहिणीच्या वेळी मामा मधे पडले, जरा ताठ बोलले, देण्याघेण्यावर अडून बसले. लग्न झालं, पण पुढची कितीतरी वर्षं सासरी तिला तुमचे मामा असे नि तुमचे मामा तसे हे ऐकावं लागलं.

"म्हणून काकू," तो म्हणाला, "स्क्रूचं वेगळं असतं. स्क्रूला त्या घरात नांदायचं नसतं. ह्याला तिथे राहायचंय. मी आज तोडून बोललो तर उद्या राग कोणावर निघेल?"

मला हे पटलं. आमच्या पिढीतल्या कोणालाही पटलं असतं.

पण दोन दिवसांनी फ्राऊ रोमिंगर मला जिन्यात भेटल्या. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये आणि बऱ्या इंग्रजीत त्यांना सत्यजितची बाजू सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्याकडे काय होतं मला माहीत नाही. पण संघाचं उलट असतं. जो मुलगा त्यांना महागात पडतो त्यालाच ते जपतात. फुकट आलेला मुलगा दुखावला तर ते दुसरा बोलावतात."

हेही मला पटलं. घरी येऊन मी स्वरालीला म्हटलं, "दोघांचंही बरोबर आहे गं."

"आई, दोघांचंही कसं बरोबर असेल? एकाला वाटतं वाकल्यावर जपतात, दुसरीला वाटतं ताठ राहिल्यावर."

"तेच तर म्हणतेय मी."

आठवड्याभरात सुधारलेला मसुदा आला. त्यात आबिटुरचं वाक्य नव्हतं. फ्राऊ रोमिंगरनी आपल्या बाजूने लिहून पाठवलेलं होतं, ते काढून टाकलेलं. सोबत होलवेंचं चार ओळींचं पत्र होतं: कुटुंबाची कोणतीही अट नाही हे वडिलांनी मोठ्या मनाने सांगितल्यामुळे काम सोपं झालं, वेदांगने एप्रिलमध्ये रुजू व्हावं. त्यात कुठे लबाडी दिसत नव्हती. माणसाने ऐकलं ते लिहिलं.

त्या संध्याकाळी मी वर होते, मीनलला पुरणयंत्र परत द्यायला गेलेली. वेदांग ते पत्र वाचून बाहेर आला. सत्यजित सोफ्यावर बसला होता. मुलाने जर्मनमध्ये विचारलं, सावकाश, मलाही कळेल इतकं सावकाश:

"पापा, एका क्लिपेसाठी तू त्या चेक पुरवठादाराशी आठवडाभर भांडलास. माझ्यासाठी एक मिनिटही नाही?"

"वेदांग, तसं नाही रे—"

"मी त्या क्लिपेपेक्षा स्वस्त आहे का?"

मीनल म्हणाली, "वेदू, असं बोलतात का बाबांशी?" सत्यजितने मला जे सांगितलं होतं, नांदण्याचं, बहिणीचं, मामांचं, ते त्याने मुलाला सांगायचा प्रयत्न केला. अर्धं मराठी, अर्धं जर्मन. नांदणं ह्याला जर्मनमध्ये त्याला शब्द सापडेना. वेदांग त्याच्याकडे बघत राहिला. त्याला कळत नव्हतं असं नाही. कोणत्या देशातलं, कोणाच्या लग्नातलं हे काय सांगतोय बाप, असा तो चेहरा होता.

आता पुढचा पेच. फ्राऊ रोमिंगर म्हणाल्या, काही बिघडलेलं नाही, सही होईपर्यंत काहीच बोललेलं नसतं, मी पुन्हा मागते. आणि सत्यजित म्हणाला, ते कसं शक्य आहे? मी माझ्या घरात, माझ्या तोंडाने, काकूंच्या समोर शब्द दिलाय. तो फिरवायचा?

"हा शब्द नव्हता, हेर मिरजकर. सुरुवात होती."

"तुमच्याकडे असेल."

मी मधे बसून एकदा ह्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. शेवटी मीनलच म्हणाली, "अहो, मुलीचं लग्न ठरवताना मुलीच्या बापाला जे बोलता येत नाही ते मधला माणूस बोलतो की नाही? मग ह्या बाईंना बोलू द्या. तुम्ही नका मागू. त्यांनी मागितलं तर तुमचा शब्द कसा फिरतो?"

सत्यजितने मान हलवली. फ्राऊ रोमिंगरना मी ते इंग्रजीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण पहिल्या दिवसापासून मी दुसरं काय सांगतेय?"

ह्यावर मला वाटलं होतं की आता सगळं मार्गी लागलं. एजंट म्हणजे काय हे मला समजलं असंही वाटलं. तो समज फार टिकला नाही.

होलवे पुन्हा आले ते मैदानाशेजारच्या क्लबच्या खोलीत. मी येणार ना, असं त्यांनी आवर्जून विचारलं होतं; मी वेदांगची आजी आहे असा त्यांचा समज झाला होता आणि तो कोणी दुरुस्त केला नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर जुन्या संघांचे फोटो, बाहेर कोणीतरी गवत कापत होतं. फ्राऊ रोमिंगर बोलल्या. अगदी थोडक्यात, न हसता. मैदानावर ह्याच माणसाशी हसणारी बाई ती हीच, हे खरं वाटेना. परीक्षा होईपर्यंत मुलगा इथेच राहील आणि ते करारात लिहिलेलं असेल, एवढंच त्यांनी मागितलं.

होलवेंनी खिशातून हात काढला. "मी कचेरीशी बोललो," ते म्हणाले. "लेखी घालता येत नाही. एकाला दिलं की सगळे मागतात. पण मिस्टर मिरजकर, तुम्ही मला मोठा विश्वास दाखवलात, मीही दाखवतो. माझा शब्द घ्या. वेदांगला मी परीक्षेआधी हलू देणार नाही."

सगळे सत्यजितकडे बघायला लागले. मी मनात म्हटलं, झालं. शब्दाला शब्द मिळाला. ह्या माणसासाठी शब्दापुढे काही नाही. आता हा पुन्हा हात जोडणार.

त्याने हात जोडले नाहीत. खिडकीबाहेरही बघितलं नाही. तो बोलायला लागला, आणि वाईट बोलला. इंग्रजी अडखळत होतं, मधेच जर्मन येत होतं, कान लाल झाले होते.

"मिस्टर होलवे, तुमचा शब्द चांगला आहे. तुम्ही चांगले आहात. पण तुम्ही किती दिवस ह्या कामावर राहाल? माझे पुरवठादार, त्यांची माणसं दर दोन वर्षांनी बदलतात. जुना म्हणतो, मी शब्द दिला होता. नवा म्हणतो, मला माहीत नाही. तुम्ही गेलात तर तुमचा शब्द कोण पाळणार? तो कागद पाळतो. माणूस नाही पाळू शकत. इच्छा असली तरी."

"पण तुम्हीच म्हणाला होतात, अट नाही."

"हो. म्हणालो होतो." मला वाटलं आता संपलं. "ते चूक बोललो. माझ्या मुलासाठी अट आहे. एकच आहे. पण आहे."

होलवेंचा चेहरा बदलला. राग म्हणू नये, पण आपल्याला कोणीतरी घराबाहेर काढलं असं वाटल्यावर होतो तसा. "मग मला जमेलसं दिसत नाही," ते म्हणाले.

सत्यजितने वेदांगकडे पाहिलं. सही बापाची लागणार होती, पण जाणार मुलगा होता. "वेदांग," तो मराठीत म्हणाला, "इथेच थांबवू का? तू सांग. तू म्हणशील तसं."

वेदांग भिंतीला टेकून उभा होता. बापाकडे असा बघत होता जसं त्याला पहिल्यांदाच बघतोय.

"माख वायटर, पापा," तो म्हणाला. चालू ठेव.

आणि सत्यजितने चालू ठेवलं. कागदाचा मुद्दा त्याने पुन्हा सांगितला, मग तिसऱ्यांदा सांगितला, मग फ्राऊ रोमिंगरनी त्याच्या बाहीला हात लावला तेव्हा थांबला. होलवे उठले, सगळ्यांशी हात मिळवले, माझ्यासमोर वाकले, आणि गेले.

काही दिवसांनी एका वाक्याची मेल आली. संघ ह्या वर्षी इतर खेळाडूंकडे लक्ष देणार आहे, वेदांगला पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा.

मी मीनलला भेटायला जाताना मनाची तयारी करून गेले होते. मुलगा कोसळला असेल, त्याला काय सांगायचं, हे मी दोन-तीन प्रकारे ठरवून ठेवलं होतं. वेदांग स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चौथी पोळी खात होता. तोंडात घास असतानाच मला "हालो, आजी" म्हणाला. आधी काकूआजी म्हणायचा. कदाचित होलवेंची चूक त्याने उचलली असेल. मग बूट घेऊन सरावाला गेला. मीनलही गोंधळलेली. "काकू, हा चिडत का नाही?" ती म्हणाली. "इतके महिने त्या करारामागे होता. आणि आता शिट्टी वाजवतोय."

फ्राऊ रोमिंगरनाही मी फोन केला. शेवटी राहवलं नाही म्हणून सरळ विचारलं, आपण जिंकलो की हरलो?

"करार गेला," त्या म्हणाल्या. "ह्या मुलाकडे दुसरं कोणी येईल, ह्याची खात्री मी देत नाही. पण आता कोणी आलं तर मला माहीत आहे की माझ्यामागे कोण उभं आहे. आधी ते माहीत नव्हतं."

"म्हणजे जिंकलो?"

"नाही, असं मी म्हणणार नाही."

मी आभार मानले आणि फोन ठेवला.

सत्यजितची मात्र रया गेली होती. शनिवारी दुपारी तो खाली आला. समोर ठेवलेल्या चहाला हात लावला नाही. म्हणाला, "काकू, त्याचं आयुष्य बदललं असतं. मी एका वाक्यापायी घालवलं. मुकाट्याने सही केली असती तर आज तो तयारी करत असता जायची."

"आणि शाळा?"

"शाळेसाठीच केलं ना. पण रात्री वाटतं, शाळा काय, पुढेही झाली असती. मग सकाळी वाटतं, नाही, नसती झाली. तुम्हीच सांगा. मी बरोबर केलं ना?"

मी वयाने मोठी. अशा वेळी मोठ्या माणसाने हो म्हणायचं असतं. पण माझ्या तोंडून ते येईना, कारण मला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मुलगा तर खूश दिसतो रे."

"तेच तर! तो रडला असता तर मला कळलं असतं काय ते. भांडला असता तरी चाललं असतं. हा हसतो. कशाला हसतो, काकू?"

तेवढ्यात जिन्यावर धडधड झाली आणि वेदांगच दारात आला. हातात दोन हातमोजे. चामड्याचे, जाडजूड, चेंडू झेलायचे. "पापा, कमस्ट डू?" त्याने विचारलं. येतोस का?

"मी? मी येऊन काय करू? मला झेलता येत नाही."

वेदांगने एक हातमोजा त्याच्या मांडीवर टाकला आणि जर्मनमध्ये काहीतरी भरभर बोलला. सगळं मला कळलं नाही. मी टाकेन हळू, एवढं कळलं.

सत्यजितने तो हातमोजा उजव्या हातात घालून बघितला. तो डाव्या हाताचा होता. वेदांगने काढून त्याच्या डाव्या हातात चढवला, वरचा पट्टा आवळला, आणि त्याच्यावर दोन गुद्दे मारून पाहिले. "आई गं!" सत्यजित ओरडला. दोघं उतरत गेले. खालच्या वळणावर सत्यजित काहीतरी म्हणाला, वेदांगने काहीतरी उत्तर दिलं, आणि दोघंही इतक्या मोठ्याने हसले की शेजारच्या फ्राऊने दार उघडून बघितलं.

स्वराली आतून बाहेर आली. "काय झालं गं? त्या मुलाचा करार झाला वाटतं शेवटी?"

"नाही. गेला."

"मग हे दोघं हसतायत कशाला?"

"मला नको विचारूस," मी म्हटलं, आणि सत्यजितचा न प्यायलेला चहा गाळणीतून परत पातेल्यात ओतला.